न घेतलेला नमस्कार

माझी आई सुकापूरच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. पहिलीच्या वर्गाला ती अक्षरांच्याही आधी एक शब्द शिकवत असे, नमस्कार. लिहायला नव्हे, करायला. मुलांना रांगेत उभं करून ती सांगायची की नमस् म्हणजे वाकणं आणि कार म्हणजे करणं. म्हणून नमस्कार हा नुसता बोलायचा शब्द नाही, ते करायचं काम आहे. तोंडाने नमस्कार म्हणून मान ताठ ठेवणारा माणूस खोटं बोलतो. सहा वर्षांच्या मुलांना यातलं किती कळत होतं ते मला माहीत नाही. पण सुकापूरची मुलं रस्त्यात बाई दिसल्या की कमरेतून वाकायची, आणि त्यातली आगाऊ मुलं इतकी वाकायची की दप्तर डोक्यावरून पुढे येऊन आपटायचं. घरातही हाच नियम होता. दारात येणारा कुणीही असो, दूधवाला असो की शाळेचे साहेब, हात जोडायचे आणि मान खाली घालायची. मैत्रिणी मला यावरून चिडवत. रस्त्याने जाताना त्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणायच्या, अगं, याला राहिला.

पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा आईचं हे विधान मी शब्दकोशात तपासलं. ते बरोबर होतं. नम् म्हणजे वाकणे, झुकणे. नमन, नम्र, नमतं घेणं ही सगळी त्याच घरातली मंडळी. कचेरीतल्या उर्दू जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने सांगितलं की नमाज हा फारसी शब्दही त्याच जुन्या मुळाचा आहे. तेही मी तपासलं आणि तेही बरोबर निघालं. आता मी विचुंब्याला एका नव्या इमारतीत राहते. इमारतीच्या फोनवरच्या गटात रोज सकाळी जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येतात. ती पाठवताना कुणाची मान वाकत असेल तर ती फोनच्या पडद्यावर वाकत असेल. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते आहे. शब्दाचा अर्थ मला आईने शिकवला होता आणि शब्दकोशाने पक्का केला. पण त्याचा एक भाग दोघांनीही सांगितला नव्हता. तो मी पंधराव्या वर्षी, एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पाहिला.

तेव्हा आम्ही पनवेलला वडाळे तळ्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. कौलारू बैठी घरं होती, चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण, अंगणात एक नळ. सकाळी आधी तळ्यावर कपडे आपटल्याचा आवाज यायचा, मग लांबून पोह्याच्या गिरणीची घरघर, आणि दिवसभर मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ट्रकचे भोंगे. शेजारच्या बिऱ्हाडात मालतीकाकू होत्या. त्यांना घराघरांतल्या रीती पाठ होत्या, आणि कुणी चुकलं तर त्या ते तिथल्या तिथे सांगत. आमच्या घरात माणसं तीन, पण एका वेळी बहुधा दोनच. वडील मालवाहू जहाजावर इंजिनघरात फिटर होते. नऊ-दहा महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. ते घरी असले की आठवड्यातून चार दिवस मासळी असायची. नसले की आई आणि मी डाळभात, भाकरी आणि सुकटाची चटणी यांवर निभावून न्यायचो. शनिवारी मात्र आई वालाचं बिरडं करायची. वाल गुरुवारी भिजवायचे, शुक्रवारी फडक्यात बांधायचे, शनिवारी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दाणा दोन बोटांत दाबला की साल मागे राहते आणि तो टपकन भांड्यात पडतो. हा आवाज आजही माझ्यासाठी शनिवारचा आवाज आहे.

वडील निघताना कधी 'जातो' म्हणत नसत, 'येतो' म्हणत. यात विशेष काही नव्हतं, सगळेच म्हणतात. पण ज्या घरातला माणूस समुद्रावर असतो तिथे या शब्दाकडे जास्त लक्ष असतं. एकदा गडबडीत ते न बोलताच अंगणाबाहेर पडले, तर आईने त्यांना तळ्याच्या कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं. त्यांनी उंबऱ्याशी बॅग ठेवली, येतो म्हणाले आणि मग पुन्हा निघाले. त्यांची पत्रं महिन्या-दीड महिन्याने यायची, ज्या बंदराला जहाज लागेल तिथून. त्या वर्षी शेवटचं पत्र येऊन दोन महिने उलटून गेले होते. आई त्याबद्दल काही बोलत नव्हती. पोस्टमन अंगणात शिरला की ती हातातलं काम थांबवायची आणि तो दुसऱ्या दारी गेला की पुन्हा सुरू करायची, एवढंच.

त्या शनिवारी आई सकाळच्या शाळेला गेली होती. मला परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी होती. दारात सावली पडली म्हणून मी पाहिलं, तर अंगणात एक माणूस उभा होता. वय चाळिशीचं, पांढरा सदरा, धुवट पँट, पायांत चप्पल नाही. तेव्हा अनवाणी माणसं पुष्कळ दिसत, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. त्याच्या हातात कॅनव्हासची निळी बॅग होती. ती मात्र मी लगेच ओळखली. तिचा पट्टा तुटल्यावर वडिलांनी तो तांब्याच्या तारेने जोडला होता, आणि ती तार तशीच होती.

त्याने विचारलं, "मास्तरीण बाय हायत का घरान?"

मी सांगितलं की आई शाळेत आहे, दीडला येईल. त्याला आत यायला सांगितलं. तो उंबऱ्यापासून दोन पावलं मागे सरकला. मग मला शिस्त आठवली आणि मी हात जोडून वाकले. मान वर केली तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

"नको बाय," तो म्हणाला. "नको करूस."

मी पाणी विचारलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं. बॅग पायरीवर ठेवली. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, तिथे थोडा थांबला आणि रिकामाच खाली आला. "आईला बोल, गव्हानचा काशिनाथ येऊन गेला. उद्या तिला गव्हानला यायला सांग. तिच्याशीच बोलायचा हाय," असं म्हणून तो वळला आणि अंगणातून बाहेर पडला. येतो म्हणाला नाही.

पुढे पस्तीस वर्षं मी बातम्या संपादित केल्या. नव्या बातमीदाराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे, की समोरचा माणूस निघून जायच्या आत मुख्य प्रश्न विचारून घ्या, बाकीचे नंतर विचारता येतात. त्यांना वाटायचं ही कचेरीतली शिकवण आहे. त्या सकाळी मुख्य प्रश्न तीन शब्दांचा होता, बाबा कसे आहेत. तो माणूस अंगणात तीन-चार मिनिटं उभा होता. मी तो प्रश्न विचारला नाही.

मालतीकाकू नळावर होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बादली तिथेच सोडून त्या आल्या आणि मला एकेक गोष्ट विचारू लागल्या. आत आला नाही? पाणी घेतलं नाही? नमस्कार घेतला नाही? येतो म्हणाला नाही? मी प्रत्येक वेळी नाही म्हणत गेले आणि प्रत्येक उत्तरानंतर त्यांचा आवाज खाली गेला. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मृत्यू झालेल्या घरी गेलेला माणूस कसा वागतो ते मलाही माहीत होतं. सुतकात नमस्कार करत नाहीत आणि घेतही नाहीत, तिथलं पाणी घेत नाहीत, निघताना येतो म्हणत नाहीत. तो माणूस आमच्या दारात नेमका तसाच वागला होता.

आई दीडला आली. बॅग पायरीवरच होती. मी ती उचलली नव्हती. तिने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मालतीकाकूंकडे, आणि काही न विचारता खाली बसून चेन उघडली. आत तिने स्वतः विणलेला करडा स्वेटर होता, वडिलांचा दाढीचा डबा, आम्हा तिघांचा फोटो आणि त्यांचं मनगटी घड्याळ. घड्याळ बंद होतं. काटे चार वाजून दहा मिनिटांवर होते. चिठ्ठी नव्हती. आईने बॅगेचे कप्पे उलटे करून पाहिले, स्वेटर झटकला, दाढीचा डबाही उघडला. तेवढ्यात मी जे घडलं ते सांगितलं, घडलं त्याच क्रमाने.

"तू त्यांना विचारलंस का?" आई म्हणाली.

"काय?"

"बाबा कसे आहेत ते."

मी नाही म्हटलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मुंबईच्या कंपनीच्या कचेरीचा फोन नंबर घरात लिहिलेला होता. तो घेऊन आई कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. पलीकडे फोन वाजत राहिला. शनिवार होता, दुपारनंतर कचेरी बंद. आता सोमवारी सकाळी. संध्याकाळच्या गाडीने गव्हाणला जावं असं मालतीकाकू म्हणाल्या. आई म्हणाली, त्यांनी उद्या या सांगितलंय, उद्याच जाऊ. तेव्हा मला हा शिष्टाचार वाटला होता. आता मला वाटतं, तिला तो एक दिवस हवा होता. मग ती म्हणाली, "वाल सोलायचे राहिलेत. ये."

आम्ही दोघी परात मध्ये घेऊन बसलो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात होते. आईची बोटं नेहमीच्याच वेगाने चालत होती, पण ती सोललेले दाणे सालांच्या ताटलीत टाकत होती आणि सालं भांड्यात. मी ते अदलाबदल करत राहिले. मालतीकाकू दोनदा येऊन दारात उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा त्यांची नजर आईच्या कपाळावर गेली. आईच्या ते लक्षात आलं. ती दाणे सोलत म्हणाली, "वहिनी, अजून कुणी काही सांगितलेलं नाही." काकू गेल्या. बिरडं झालं, वाढलं, आणि तसंच राहिलं. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी आंघोळ करून आई आरशासमोर उभी राहिली. कुंकवाची डबी तिच्या हातात होती. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, आणि मी वेणी घालण्याचं निमित्त करून तिच्याकडे पाहत होते. मग तिने कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. बॅग घेतली, मला चल म्हणाली. एसटीत तिने बॅग मांडीवर धरली होती, लहान मूल धरावं तशी. बाहेर खाडीचं पाणी आणि मिठागरांचे चौकोन मागे जात होते. पुढच्या बाकावर सुकापूरच्या एका विद्यार्थ्याचे वडील होते. त्यांनी वळून, हात जोडून नमस्कार बाई म्हटलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पण तिचे हात बॅगेवरून सुटले नाहीत. नमस्काराला तिने उत्तर दिलं नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते गृहस्थ थोडे ओशाळून पुढे वळले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. आदल्या दिवशी मला जे वाटलं होतं तेच कदाचित.

गव्हाणच्या थांब्यावर एक बाई सुक्या मासळीची टोपली घेऊन बसली होती. आईने तिला काशिनाथचं घर विचारलं.

"जहाजावरचा काशिनाथ?" ती म्हणाली. "त्या वडाच्या मागं. पन आज तो कंचा बोलतोय तुमच्याशी. त्याची आय गेली ना बुधवारी. सुतकान हाय तो."

आईने पुन्हा विचारलं, कोण गेलं.

"त्याची आय. म्हातारी. तुमाला म्हाईत नाय? मंग तुमी आलाव कशाला?"

आई रस्त्यात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी स्पष्ट पाहिलं आणि त्याला दुसरा शब्द नाही. ती हसली. एका परक्या म्हातारीच्या मरणाची बातमी ऐकून माझी आई, मुलांना वाकायला शिकवणारी, भर रस्त्यात हसली. क्षणभरच. मग तिने पदर तोंडावर घेतला. टोपलीवाली तिच्याकडे पाहत होती.

काल त्या माणसाच्या पायांत चप्पल का नव्हती ते मला तिथे उमगलं. आईबापाचं सुतक धरलेला मुलगा अनवाणी राहतो. त्याने सुतक आमच्या घरी पाहिलं नव्हतं, तो ते स्वतःच्या घरून घेऊन आला होता. सुतक असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये म्हणून तो अंगणात थांबला, त्याच्याच सुतकात माझा नमस्कार चालणार नव्हता म्हणून त्याने हात मागे घेतले. त्याने आमचं घर सांभाळलं होतं. आम्हा चौघींपैकी, म्हणजे आई, मी, काकू आणि आमची भीती, एकीलाही हे सुचलं नव्हतं.

वडामागच्या घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात दिवा होता. आई जाऊन त्यांच्यात जमिनीवर बसली, बॅग बाजूला ठेवली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, आवाज काढून. दोन बायकांनी तिला धरलं. कुणीतरी म्हणालं, पनवेलची मास्तरीण हाय, फिटरची बायको. एक पिकल्या केसांची बाई आपल्या सुनांकडे बघून म्हणाली, "बगा. लोकाची बाय येवढी रडते, आन घरच्यांचे डोळे कोरडे." सुनांनी माना खाली घातल्या. मी आईच्या शेजारी बसले होते. त्या खोलीत ती कशासाठी रडते आहे हे माहीत असलेली मी एकटीच आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

काशिनाथ बाहेरून आला. आईला पाहून, बॅगेला पाहून तो दारातच थबकला. मग खिशातून घडी घातलेलं पत्र काढून आईच्या समोर जमिनीवर ठेवलं. "फिटर बरा हाय," तो म्हणाला. "चिठ्ठी तुमच्याच हाती दे बोलला व्हता. म्हनून पोरीकडं नाय दिली." आईने पत्र उचलून पदराखाली धरलं. पुढचा अर्धा तास ती तिथे बसून त्या म्हातारीबद्दल विचारत राहिली. किती दिवस आजारी होती, काय खायची, शेवटी कुणाला ओळखलं का. काशिनाथ जहाज सोडून घरी आल्यावर तीन दिवसांनी ती गेली होती. त्याच्या येण्यासाठीच थांबली होती, असं बायका म्हणाल्या. निघताना मी सवयीने तोंड उघडलं तेव्हा आईने माझं मनगट दाबलं. आम्ही काही न बोलता बाहेर पडलो. मागे कुणी काही बोललं नाही, आणि कुणाला त्यात काही कमी वाटलं नाही.

पत्र आईने थांब्यावर उघडलं. वडिलांनी आणखी नऊ महिन्यांसाठी सही केली होती. गणपतीला येणार नव्हते. जहाज आता उष्ण मुलुखात जाणार, म्हणून स्वेटर परत. कोपरावर उसवलाय तो विणून ठेव. घड्याळ समुद्राच्या हवेने बंद पडलंय, पनवेलला जिथे घेतलं तिथेच दाखव. दाढीचा डबा नवा घेतलाय, आणि फोटोला इथे ओल लागते, म्हणून जुना डबा आणि फोटो घरीच ठेव. एरवी नऊ महिन्यांची बातमी आली असती तर आईने आठवडाभर घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज होऊ दिला नसता. त्या दिवशी तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "ही करडी लोकर आता मिळेल का कुणास ठाऊक."

काशिनाथ पुन्हा आला तो सुतक फिटल्यावर, एका संध्याकाळी. डोक्यावर केसांची खुंटं उगवत होती, पायांत चप्पल होती. या वेळी तो आत आला, खुर्चीवर बसला, चहा घेतला, आणि आईने केलेल्या बिरड्याची वाटीही संपवली. आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत होती. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या घरी मी रडले ना, ते..."

काशिनाथने कप खाली ठेवला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बॅग बघितली तवाच समजला मना. चूक माजी. बरा हाय, येवढा दोन शब्द पोरीला बोललो असतो तं... पन ऱ्हाऊ द्या. माजे आयसाठी तेवढा कोनीच रडला नाय. तिच्या खात्यान गेला ते बरा झाला."

आई उठून आत गेली. तोही उठला. मी दाराशी उभी होते. तो माझ्यासमोर आला, दोन्ही हात जोडले आणि वाकला. चाळिशीचा माणूस, पंधरा वर्षांच्या मुलीपुढे, आईच्या वर्गातल्या मुलासारखा कमरेतून. त्याची मुंडण केलेल्या डोक्यामागची मान मला दिसली.

"त्या दिवसाचा ऱ्हायला व्हता," तो म्हणाला.

मी वाकले. वर पाहिलं तेव्हा तो चपला घालत होता.

"येतो, बाय," त्याने आतल्या खोलीकडे पाहून म्हटलं.

आतून आई म्हणाली, "या."